घोडा घरी आणावा काय?

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून मुलांसाठी घोडा घेण्याचा मानस आहे. खर्च झेपेल काय?

उत्तर : किंमत एकदाच मोजावी लागते, परंतु 400 किलो वजनाच्या जनावरास रोज लागणारा सुमारे 8 किलो सुका चारा, दर 6 ते 8 आठवड्यांनी येणारा नालबंद, धनुर्वाताची लस आणि मोतद्दाराचा दरमहा पगार ही खर्चाची बाब 25 वर्षेही चालू राहते, हे ध्यानी घ्यावे. अपरात्री पोटशूळ उठल्यास त्याच्यापाशी जागणारे घरात कोणी नसेल, तर हा विचार तूर्त तहकूब ठेवावा. मात्र पहाटे खरारा करताना, खूर उचलून त्यात रुतलेले खडे काढताना मुलांच्या ठायी जे धैर्य व जी नियमितता उत्पन्न होते, ती अन्यत्र दुर्लभ होय. सबब प्रथम वर्षभर त्यांना रपेट शिकवावी, मगच बयाणा द्यावा.