बाळाचं पहिलं धान्य : तांदूळ, नाचणी की गहू?



पालक सभेला येणाऱ्या कितीतरी आयांच्या कडेवर धाकटं बाळ असतं. अभ्यासाचं बोलणं झालं की हळूच प्रश्न येतो, "बाई, याला पोळी कधी द्यायची हो? गव्हाने पोट बिघडतं म्हणतात, खरं का?" त्यात मोबाईलवर सतत 'ग्लूटेन' हा शब्द दिसतो आणि भीती आणखी वाढते. चला तर मग, हा विषय पायरीपायरीने समजून घेऊया.

१) ग्लूटेन म्हणजे काय?

ग्लूटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन. चौथी-पाचवीच्या मुलांबरोबर एक सोपा प्रयोग करा. कणकेचा लिंबाएवढा गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो भांडंभर पाण्यात बोटांनी चोळून धुवा. पाणी पांढरं होतं, तो स्टार्च. पाणी बदलत राहा. शेवटी हातात चिवट, रबरासारखा तुकडा उरतो, तेच ग्लूटेन! आता ज्वारीच्या पिठाचा गोळा असाच धुवा. तो विस्कटून जातो, हातात काही उरत नाही. म्हणून तर पोळी सहज लाटता येते आणि भाकरी थापावी लागते.

ग्लूटेन असलेले पदार्थ : गव्हाची कणीक, रवा, मैदा, दलिया, शेवया, पाव, टोस्ट, बिस्किटं, तसेच सातू म्हणजे जव. खपली गव्हातही ग्लूटेन असतं, हे लक्षात ठेवा.

ग्लूटेन नसलेली धान्ये : तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा.

२) सहा महिने पूर्ण झाल्यावरच का?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या स्वादुपिंडात स्टार्च पचवणारा पाचकरस फार कमी तयार होतो. सहाव्या महिन्याच्या आसपास बाळ मान धरतं, आधाराने बसतं, घास जिभेने बाहेर ढकलणं कमी होतं. त्याच सुमारास जन्मापासून शरीरात साठलेलं लोहही कमी पडू लागतं. म्हणून फार लवकर नको आणि फार उशीरही नको.

आपल्याकडे अनेक घरांत मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात आणि मुलाचं सहाव्या महिन्यात करतात. कार्यक्रम हौसेने करा, पण मुलगा-मुलगी यांच्या पचनात असा काही फरक नसतो. शिवाय 'सहावा महिना लागला' आणि 'सहा महिने पूर्ण झाले' यात महिन्याभराचं अंतर आहे. सरळ 180 दिवस मोजा.

३) पहिला घास कसा असावा?

पोटाला हलकं म्हणून पातळ पेज किंवा डाळीचं नुसतं वरचं पाणी देतात. बाळाचं पोट एवढंसं, ते पाण्यानेच भरतं आणि वजन मात्र वाढत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळू नये.

• मऊ भात आणि मुगाचं वरण कुस्करून, वर थोडं तूप.
• नाचणीचं सत्त्व. नाचणीला मोड आणले की दाण्यातच स्टार्च फोडणारा रस तयार होतो. त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी खीर फार घट्ट होत नाही आणि कमी घासांत जास्त ताकद मिळते.
• सुरुवात दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन चमचे. पुढे हळूहळू अर्धी वाटी.
• नवा पदार्थ एका वेळी एकच. दोन-तीन दिवस बघा, मग दुसरा.
• वर्षाच्या आत मीठ-साखर टाळा. मध तर चाटवायचाच नाही, त्यातून बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.
• आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवता येतं.

४) मग गहू कधी?

काही मुलांना सिलिअ‍ॅक नावाचा आजार असतो. ग्लूटेन पोटात गेलं की त्यांचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक उंचवटे झिजतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. याचा गव्हाशी संबंध उलगडला हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे अन्नाची भीषण टंचाई होती, पाव मिळेना. अशा दिवसांत ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. डिके यांचा आधीपासूनचा संशय पक्का झाला.

मग गहू उशिरा दिला तर आजार टळेल का? युरोपात हे तपासलं गेलं. ज्यांच्या घरात हा आजार आहे अशा बाळांवरचे दोन मोठे अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. एकात काही बाळांना सहाव्या महिन्यात, तर काहींना बाराव्या महिन्यात ग्लूटेन सुरू केलं. उशिरा दिलेल्यांत आजार उशिरा दिसला, पण पाच वर्षांपर्यंत दोन्ही गट सारखेच. दुसऱ्यात चौथ्या महिन्यापासून अगदी थोडं ग्लूटेन देऊन पाहिलं, त्यानेही संरक्षण मिळालं नाही. म्हणजे तारखेने आजार टळत नाही. त्यासाठी मुळात विशिष्ट जनुकं असावी लागतात.

म्हणून सहा महिन्यांनंतर, वर्षाच्या आत, इतर धान्यांसारखाच गहूही सुरू करा. रव्याची मऊ खीर, वरणात कुस्करलेली पोळी. पहिले काही आठवडे प्रमाण थोडंच ठेवा. मात्र चहात बुडवलेलं बिस्कीट ही गव्हाची सुरुवात नव्हे. त्यात मैदा आणि साखर, शिवाय चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. आई-वडील किंवा भावंडाला सिलिअ‍ॅक असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

५) कशाकडे लक्ष ठेवायचं?

खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या, धाप असं झालं तर ती गव्हाची ॲलर्जी असू शकते. श्वासाला त्रास असेल तर तातडीने दवाखाना गाठा.

सिलिअ‍ॅक मात्र हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी दिसतो. सतत जुलाब, फुगलेलं पोट, बारीक हातपाय, चिडचिड, फिकटपणा, थांबलेलं वजन. अंगणवाडीताई दर महिन्याला वजन करतात, तो आलेख बघा. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली तर वाट बघू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचं : संशय आला म्हणून स्वतःच गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्ताची तपासणी खोटा दिलासा देऊ शकते आणि खरं निदान लांबतं. आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तसं पथ्य. निदान पक्कं झालं तर पथ्य आयुष्यभर पाळावं लागतं, पण मूल छान वाढतं.

शिक्षकांनो, आपल्या वर्गातही असं मूल असू शकतं. उंची खुंटलेली, चेहरा फिकट, रोज पोट दुखतं. आपण त्याला 'नीट जेवत नाही' म्हणून मोकळे होतो. अशा मुलाच्या पालकांना तपासणीबद्दल नक्की सुचवा. निदान झालेल्या मुलाला पोषण आहारातला भात चालतो, पण वाढदिवसाला वाटलेलं बिस्कीट चालत नाही. फोडणीच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या ताईंना पुडीवरचे घटक वाचून दाखवा.

बाकी पालकांनी गव्हाला घाबरू नये. भात, नाचणी, ज्वारी, गहू, सगळं आपल्या बाळाचं आहे. वेळेवर, घट्ट आणि थोडं थोडं भरवा.