तरतरी आणि हृदय

वर्षावासातील एका बैठकीत पाचव्या शीलावर चर्चा चालू असता एका ज्येष्ठ उपासकांनी सरळ प्रश्न टाकला, "दारूने माणूस झिंगतो, त्याचा तोल जातो, म्हणून ती वर्ज्य. आम्ही तंबाखू खातो, त्याने तर तरतरी येते, कामाला हात चालतो. मग यात नशा कुठली?" विचारणारे गृहस्थ दारूला कधी न शिवलेले. १९५६ साली नागपूरला दिल्या गेलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी मद्यत्यागाची प्रतिज्ञा त्यांच्या घराने पिढ्यान् पिढ्या पाळलेली आहे. त्यामुळे त्या दिवशी उत्तर देणे आम्हांस जड गेले. नंतर वाचून आणि डॉक्टर मंडळींना विचारून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

अमली पदार्थांचे ढोबळ मानाने दोन स्वभाव असतात. दारू व अफू मेंदूला गुंगी आणतात. दुसरे पदार्थ मेंदूला डिवचतात, जागे ठेवतात. त्यांना उत्तेजक द्रव्ये म्हणतात. चहातील कॅफीन हे त्यांतले सौम्य, बेताने घेतल्यास निरोगी माणसाला सहसा न बाधणारे. तंबाखूतील निकोटीन त्याहून पुष्कळ जबर, आणि कोकेन व मेफेड्रोन ही तर त्या जातीतील विषेच. म्हणजे तरतरी हीच यांची नशा आहे. तोल जात नाही म्हणून ती आपल्याला दिसत नाही, एवढेच.

हृदयाचे काय होते ते पाहू. तंबाखूचा बार भरला की निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात शिरते आणि शरीरात अॅड्रेनलिन सुटते. अंगावर साप आला असता जे व्हावे तेच होते. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकसतात. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हृदय दिवसात एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते. त्यात मिनिटाला १० ठोके दिवसभर वाढले, तर १४,४०० ठोक्यांची जादा मजुरी झाली. पण हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी त्याच वेळी आकसलेली असते. काम वाढवायचे आणि भाकर कमी करायची, असा हा प्रकार. थकलेल्या बैलाला पराणी टोचली की तो धावतो. त्याच्या पोटात चारा गेलेला नसतो. बिडी-सिगारेटच्या धुरात आणखी कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो.

धूर नाही म्हणजे धोका नाही, असा समज आपल्या नांदुरा-खामगाव भागात घरोघर आहे. ५२ देशांतील हृदयरुग्णांचा मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ओढणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट, तर चघळणाऱ्यांना दुपटीहून थोडा अधिक आढळला. दोन्ही करणाऱ्यांचा सुमारे चौपट. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे २७ जण तंबाखू घेणारे निघाले आणि त्यांतील बहुतेक खाणारे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे सांगायला आमची गरज नाही, कोणत्याही गल्लीतील नाली पाहावी. खर्ऱ्यात तर तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटतात आणि शाळकरी मुलांच्या खिशातही त्या पन्नी सापडतात.

आता विद्यार्थ्यांसाठी. नोकरीच्या, भरतीच्या परीक्षांसाठी आपली मुले पुण्यास, नाशिकला, मुंबईस जातात. खोलीत रात्र जागवायची असते. तेथे कुणी 'एम.डी.' म्हणून पांढरी पूड पुढे करतो. हीच ती मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ पासून ती अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळील शिंदे गावी आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे ती बनविण्याचे कारखाने पोलिसांनी उघडकीस आणले. म्हणजे हा माल परदेशातून यावा लागत नाही, आपल्या मुलांच्या खोल्यांपासून तासा-दोन तासांच्या वाटेवर तो तयार होत होता. तंबाखू हृदयाला वर्षानुवर्षे झिजविते. ही पूड ते काम एका रात्रीत करू शकते. ठोक्यांची लय बिघडते, हृदयवाहिनी एकाएकी आवळते, अंगाचा ताप वाढतो. वीस-बावीस वर्षांच्या निरोगी मुलालाही झटका येऊ शकतो. कोकेनच्या बाबतीत अमेरिकेतील १९९९ च्या एका अभ्यासात सेवनानंतरच्या पहिल्या तासात धोका २४ पट वाढलेला दिसला.

अशा वेळी सर्वांत घातक असते ती लपवाछपवी. छातीत कळ आली, घाम सुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला की घरचे 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजतात आणि सोबतचे मित्र पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना काय घेतले, किती, केव्हा, ते खरे सांगावे. हृदयविकारात एरवी दिली जाणारी काही औषधे अशा रुग्णाला उलटू शकतात, म्हणून हे माहीत असणे त्यांना फार आवश्यक असते. उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्यानेही वाट ठेवली आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार पूर्ण केल्यास खटल्यापासून सूट मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे विनामूल्य दूरध्वनी आहेत.

त्या ज्येष्ठ उपासकांना हे सारे आम्ही पुढच्या बैठकीत सांगितले. बिडी-सिगारेट सोडल्यावर वीस मिनिटांत नाडी उतरू लागते आणि वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्मा होतो, हेही सांगितले. "मी तर खाणारा," ते म्हणाले, "पण नाडी माझीही तीच." त्यांनी चुन्याची डबी खिशातून काढून चटईवर ठेवली. जाताना ती विसरले की मुद्दाम ठेवून गेले, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.