नात एकटीच बोलते, ते कुणाशी?

प्रश्न : माझी नात साडेचार वर्षांची आहे. ठोकळे रचताना, चित्र रंगवताना तिची एकटीचीच बडबड चालू असते. ‘हा इथं. नको, पडेल. मोठा कुठंय?’ असं काहीबाही. बालवाडीच्या बाई म्हणतात, ही सवय आत्ताच मोडा. सूनबाई शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यास करते आहे. तिच्या पुस्तकात पियाजे याला ‘आत्मकेंद्री भाषण’ म्हणतात, तर व्हायगॉट्स्की म्हणतात हा विचारच आहे. दोघांतलं खरं कोणाचं? आणि सवय मोडायची का?
— एक आजी, सातारा

उत्तर : सवय मोडू नका, हे आधी सांगते. तुमची नात काम करताना विचार करते आहे आणि तो विचार अजून तोंडानेच होतो. हे मत व्हायगॉट्स्कींचं. या एका प्रश्नावर मला त्यांचंच म्हणणं पटतं. पण ते कळायला आधी पियाजेंकडे जावं लागेल.

झां पियाजे आणि लेव्ह व्हायगॉट्स्की दोघेही १८९६ साली जन्मले, एक स्वित्झर्लंडमध्ये, दुसरे आजच्या बेलारूसमध्ये. त्यांची भेट कधीच झाली नाही. पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचं काम करत होते. तिथे त्यांचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकांकडे गेलं. एका वयाची मुलं साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. म्हणजे लहान मुलाला मोठ्यांपेक्षा कमी कळतं एवढंच नव्हे, त्याच्या विचाराची रीतच निराळी असते. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी या शोधाला दिलं.

जिनिव्हातल्या रूसो संस्थेच्या बालशाळेत त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांच्या दोन मुलांचं प्रत्येक वाक्य जवळजवळ महिनाभर टिपून घेतलं. त्यातली निम्म्याच्या आसपास वाक्यं कुणालाच उद्देशून नव्हती. चार मुलं एका टेबलाशी बसून चौघंही बोलत, पण उत्तराची वाट कुणी पाहत नसे. १९२३ च्या पुस्तकात पियाजेंनी याचा अर्थ असा लावला : या वयात मुलाला दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहता येत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळतंय की नाही याचं त्याला भान नसतं. समज वाढली की सातव्या वर्षाच्या सुमारास हे बोलणं ओसरतं. म्हणजे पियाजेंच्या लेखी हे बोलणं कामाचं नव्हतं, ते अपुऱ्या वाढीचं लक्षण होतं.

व्हायगॉट्स्कींना हे पटलं नाही, आणि त्यांनी जे प्रयोग केले ते मला आजही थक्क करतात. मूल चित्र काढायला बसलं की ऐन वेळी हवी ती रंगीत पेन्सिलच मिळू नये, कागद मिळू नये, अशी व्यवस्था त्यांनी केली. अडचण येताच मुलांचं स्वतःशी बोलणं जवळजवळ दुप्पट झालं. एक साडेपाच वर्षांचा मुलगा ट्राम काढत होता. पेन्सिलीचं टोक मोडलं. ‘मोडली’ असं पुटपुटून त्याने पेन्सिल बाजूला ठेवली, जलरंग घेतले आणि अपघातात मोडलेली ट्राम रंगवली! पुटपुटलेल्या एका शब्दाने चित्राचा पुढचा बेत ठरला. ज्या बोलण्याने बेत ठरतो ते बोलणं निकामी कसं म्हणायचं?

मग त्यांनी आणखी पुढे जाऊन मुलाला कधी ऐकू न येणाऱ्या किंवा परकी भाषा बोलणाऱ्या मुलांमध्ये बसवलं. कधी शेजारी इतका मोठा वाद्यवृंद वाजवला की स्वतःचाही आवाज ऐकू येऊ नये. मूल आपल्यातच दंग असतं, तर या कशानेच फरक पडायला नको होता. पण बोलणं एकदम कमी झालं. आपलं बोलणं कुणालातरी कळतं आहे, या भरवशावरच मूल ते बोलत असतं. म्हणजे या बोलण्याचं मूळ माणसांमध्ये आहे. आधी आई, आजी, भावंडं मुलाला सांगतात, ‘थांब, मोठा खाली ठेव.’ मग तेच शब्द मूल स्वतःला सांगतं. पुढे आवाज गळतो आणि शब्द आत जातात. आपण मोठी माणसं मनात ज्या भाषेत विचार करतो, ती अशी तयार होते.

नातीच्या बोलण्याकडे येत्या वर्ष-दोन वर्षांत लक्ष ठेवा. लहान मूल आधी चित्र काढतं आणि मग ते काय आहे ते सांगतं. थोडं मोठं झालं की काढता काढता सांगतं, आणि नंतर आधी सांगून मग काढतं. वाक्यंही तुटक होत जातात. ‘आता मी निळा ठोकळा वर ठेवते’ याचं ‘निळा... वर’ होतं, मग फक्त ओठ हलतात. बोलणं नुसतं ओसरत असतं तर ते असं तुटक आणि परक्याला न कळणारं झालं नसतं. लॉरा बर्क यांनी १९८० च्या दशकात अमेरिकन शाळांत गणितं सोडवणाऱ्या मुलांची निरीक्षणं केली. त्यांतही वय वाढेल तसं मोठ्याने बोलणं कमी होऊन पुटपुटणं आणि ओठ हलवणं वाढताना दिसलं.

व्हायगॉट्स्की १९३४ साली क्षयाने गेले, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. त्यांचं मुख्य पुस्तक त्याच वर्षी निघालं, आणि १९३६ नंतर सोव्हिएत राजवटीत त्यांचं काम बरीच वर्षं दडपलं गेलं. १९६२ साली ते पुस्तक इंग्रजीत आलं तेव्हा पियाजेंनी त्यावर टिपण लिहिलं. या बोलण्यातून आतली भाषा घडते, हे व्हायगॉट्स्कींचं म्हणणं त्यांनी बरंचसं मान्य केलं. दुसऱ्याच्या नजरेतून पाहणं मुलाला जड जातं, हा आपला मुद्दा मात्र त्यांनी सोडला नाही.

आणि लहान मुलाच्या विचाराची रीतच निराळी असते, हे पियाजेंचं मूळ म्हणणंही खरंच आहे. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्या आणि नातीसमोर एकातलं उंच, अरुंद भांड्यात ओता. जास्त कशात, असं विचाराल तर ती बहुधा उंच भांडं दाखवेल. पाणी तेवढंच आहे असं समजावून सांगितलंत तरी तिला ते बहुधा मनापासून पटणार नाही. त्यासाठी तिला स्वतः बऱ्याच वेळा पाणी ओतून पाहावं लागेल. मुलाला काय शिकवता येईल हे व्हायगॉट्स्कींकडून शिकावं, आणि घाई कुठे करू नये हे पियाजेंकडून.

सूनबाईंच्या पुस्तकात वर्तनवादीही असतील. त्यांतले वॉटसन म्हणत की मोठी माणसं मुलाला गप्प करतात म्हणून त्याचं बोलणं कुजबुजीवर येतं आणि शेवटी मनात शिरतं. बालवाडीच्या बाई नकळत तेच करू पाहताहेत. पण दटावून फक्त आवाज बंद होतो, विचार मनात करण्याची तयारी त्याने येत नाही.

तेव्हा तिला बोलू द्या, आणि ऐका. ‘मोठा कुठंय?’ ऐकलंत की ती कुठे अडली ते तुम्हाला कळेल. लगेच ठोकळा हातात देऊ नका. ‘डब्याच्या तळाशी बघितलास का?’ एवढं पुरे. उद्या हेच वाक्य ती स्वतःला म्हणेल.

ती माणसांशीही नीट बोलत असेल, हाक मारली की वळत असेल, तर काळजीचं कारण नाही. माणसांशी बोलणंच टाळत असेल किंवा येत असलेले शब्द गळत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. बाईंना भेटून एवढंच सांगा : गोष्टीच्या वेळी शांत बसायला शिकवा, चित्राच्या आणि ठोकळ्यांच्या वेळी मात्र तिला पुटपुटू द्या.