शोधयंत्रास प्रश्न कसा विचारावा?

मक्याच्या पोंग्यात अळी दिसताच पुष्कळ शेतकरी आता मोबाइलवर गूगलसारख्या शोधयंत्राचा आधार घेतात. हे साधन उपयुक्त आहे. परंतु ते पीक पाहत नाही. लिहिलेल्या शब्दांशी जुळणारी पाने तेवढी ते पुढे मांडते. प्रश्न मोघम असल्यास उत्तरही मोघम मिळते, आणि चुकीच्या औषधावर पैसा खर्च होऊन पीकही हातचे जाते.

नेमके शब्द

प्रथम कीड ओळखावी. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी खूण व शेपटीजवळच्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके असल्यास ती अमेरिकन लष्करी अळी समजावी. ही कीड भारतात २०१८ साली प्रथम आढळली. नुसते ‘लष्करी अळी’ असे लिहिल्यास पूर्वीपासून येथे असलेल्या निराळ्या लष्करी अळीचीही पाने येतात. यास्तव ‘अमेरिकन लष्करी अळी मका नियंत्रण’ असे कीड, पीक व हेतू सांगणारे शब्द लिहावेत. पुरेशी माहिती न मिळाल्यास ‘नियंत्रण’ऐवजी ‘व्यवस्थापन’ हा शब्द योजावा, किंवा ‘स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा’ हे शास्त्रीय नाव इंग्रजी लिपीत लिहावे.

उपयुक्त खुणा

१. शब्द जसेच्या तसे व त्याच क्रमाने हवे असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावेत.

२. ‘विक्री’सारखा नको असलेला शब्द वगळण्यासाठी त्यास लागूनच आधी वजाबाकीचे चिन्ह द्यावे.

३. एकाच संस्थेची पाने हवी असल्यास प्रश्नाच्या शेवटी इंग्रजी लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्यास लागून दोन उभी टिंबे व लगेच त्या संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता लिहावा.

पानाची पारख

वर आलेले पान उत्तम असतेच असे नाही. ‘प्रायोजित’ असे लिहिलेले पान म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात होय. शोधयंत्राने स्वतः तयार केलेल्या सारांशावर विसंबू नये. मूळ पान उघडून ते कोणी व केव्हा लिहिले हे पाहावे. एंडोसल्फानच्या वापरावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. तथापि त्यापूर्वीच्या पानांवर त्याची शिफारस आजही वाचावयास मिळू शकते. म्हणून राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांची अलीकडील पाने प्रथम पाहावीत.

फवारणीपूर्वी औषधाच्या वेष्टनावर त्या पिकाचे व किडीचे नाव आहे याची खात्री करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमवेत बांधावरच एखादा शोध करून दाखवावा. म्हणजे मोघम व नेमक्या प्रश्नांतील अंतर त्यांच्या प्रत्ययास येईल.