आपसातच बोलणारे मोडेम

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातले विजेचे खांब आडवे झाले. मोबाईल गेला तो गेलाच. मंडणगडचा माझा मित्र आणि मी, आम्ही दोघांनी तेव्हा हौशी (हॅम) रेडिओवरून आवाजात निरोप दिले-घेतले. आवाजावर यादी सांगणं किती जिकिरीचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. औषधाचं नाव अक्षरं फोडून सांगायचं, पलीकडच्याने ते परत वाचून दाखवायचं, मध्येच खरखर आली की पुन्हा पहिल्यापासून. पत्रे किती, ताडपत्र्या किती, कुठल्या वाडीला किती, यात एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी घरावर छप्पर येत नाही. तेव्हाच ठरवलं, की पॅकेट रेडिओची जोडणी उभी करायची. मजकूर टाइप करायचा, तो तुकड्यातुकड्यांनी हवेतून जाणार आणि एखादा तुकडा बिघडला तर यंत्रच तो पुन्हा मागून घेणार.

लॅपटॉपच्या साउंडकार्डावर हे सगळं फुकटात होतं हे मला ठाऊक आहे. डायरवुल्फ हा त्यासाठीचा प्रोग्रॅम मी वापरतो आणि तो उत्तम आहे. पण दिवे नसताना लॅपटॉप किती वेळ टिकतो? टीएनसी, म्हणजे खास या कामाचा मोडेम, गाडीच्या बॅटरीवर निवांत चालतो. त्याच्या पोटात स्वतःची टपालपेटी असते, संगणक बंद असला तरी आलेला निरोप तो सांभाळून ठेवतो. शिवाय ऐन वेळी अपडेट घ्यायला तो बसत नाही. वादळवाऱ्याच्या कामाला स्वतंत्र मोडेमच हवा, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. माझा राग मोडेमवर नाही, ज्याने तो विकला त्याच्यावर आहे.

घाटावरचे एक गृहस्थ असे मोडेम घरी बनवून विकतात. आमच्याच छंदातले, वयाने मोठे, परवाना कित्येक वर्षांचा. बाहेरून नवा मोडेम मागवण्यापेक्षा यांचा बराच स्वस्त, आणि आपला माणूस म्हणून विश्वास. टीएनसी-२ हा १९८५ सालचा अमेरिकेतल्या टक्सनच्या हौशी मंडळींचा आराखडा. त्याच्या नकला जगभर झाल्या आणि त्यात गैर काहीच नाही. यांचाही तसाच, टीसीएम३१०५ चिपवरचा. आम्ही दोघांनी एकदमच एकेक घेतला. 'दोन्ही एकमेकांशी जोडून रात्रभर चालवलेत, डोळे झाकून घ्या,' असं साहेब म्हणाले होते. त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

मोडेम आले, लावले आणि चालले. मंडणगडहून मित्राने लिहिलेलं दापोलीत माझ्या पडद्यावर उमटलं. अधूनमधून एखादा तुकडा परत मागावा लागायचा, पण अंतर आणि मधले डोंगर बघता त्यात वावगं वाटलं नाही. पुढे पावसाळ्याआधीच्या सरावाला जिल्ह्यातली आणि मुंबईकडची काही मंडळी टेकडीवरच्या एका शाळेत जमली. एकाकडे जुना अमेरिकन टीएनसी, दुसऱ्याकडे रास्पबेरी पायवर डायरवुल्फ, तिसऱ्याकडे आणखी काही. त्या सगळ्यांचं एकमेकांशी जमलं. आमचं मात्र कुणाशीच जमेना. आमचा सिग्नल त्यांच्या रेडिओवर काटा भरून यायचा, पण पडद्यावर अक्षर नाही. त्यांचं पॅकेट आलं की आमच्या मोडेमचा दिवा लुकलुकायचा आणि पुढे काही नाही. मी आणि मित्र मात्र एका खोलीच्या दोन टोकांना बसून खुशाल बोलत होतो.

सर्वांदेखत मी साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी काय विचारावं? 'सोल्डरिंग कोणी केलंय?' केबल मी केली होती, तसं सांगितलं. झालं. 'अहो, तिथेच घोळ आहे. हल्ली लोकांना केबल करता येत नाही, ऑपरेटिंग येत नाही, आणि नावं मोडेमला ठेवतात. माझे दोन्ही मोडेम एकमेकांशी बोलतायत ना? मग मोडेममध्ये दोष कसा असेल?' वर 'सेव्हंटी थ्री' म्हणून शुभेच्छा देऊन फोन ठेवला. शाळेच्या व्हरांड्यात सगळी माणसं माझ्या केबलकडे बघायला लागली. ते मी अजून विसरलेलो नाही. पैशांचं एक वेळ सोडा, पण ज्यांच्याबरोबर उद्या संकटात काम करायचं त्यांच्यासमोर माझ्या हातालाच दोष लावला गेला.

घरी येऊन केबल पुन्हा तपासली. मोडेमचं टोक, रेडिओचं सहा पिनांचं टोक, एकेक तार मीटरवर. केबल निर्दोष होती. मग टीएनसीला कॅलिब्रेशनची आज्ञा दिली. ही आज्ञा टीएनसी-२ घराण्यात असतेच. ती दिली की मोडेम मजकूर न पाठवता नुसता एकेक सूर सलग पाठवत राहतो, आणि स्पेसबार दाबला की सूर बदलतो. १२०० बॉडच्या पॅकेटला दोनच सूर लागतात, १२०० हर्ट्झ आणि २२०० हर्ट्झ. जगात कुठेही गेलात तरी हेच. शेजारी दुसरा रेडिओ ठेवला, त्याच्या स्पीकरसमोर मोबाईल धरला आणि त्यावर आवाजाची वारंवारता दाखवणारं एक फुकट अ‍ॅप लावलं.

पहिला सूर ९७० च्या आसपास दिसला. मला वाटलं अ‍ॅप चुकतंय. स्पेसबार दाबला. दुसरा १७७५ च्या जवळ. कागद घेऊन भागाकार केला. ९७० भागिले १२०० आणि १७७५ भागिले २२००, दोन्हीचं उत्तर ०.८१ च्या जवळ. दोन्ही सूर एकाच प्रमाणात खाली उतरले होते. केबल सूर क्षीण करू शकते, विद्रूप करू शकते, पण सुराची पट्टी उतरवू शकत नाही. पट्टी ठरवतो तो चिपच्या शेजारचा क्रिस्टल. टीसीएम३१०५ ला ४.४३३६ मेगाहर्ट्झचा लागतो. त्याला या प्रमाणाने गुणलं तर ३.५८ च्या आसपास येतात. ३.५८ चा क्रिस्टल मी ओळखतो, टेलिफोनच्या बटणांचे सूर ओळखणाऱ्या सर्किटांत तोच असतो आणि बाजारात कुठेही मिळतो.

चार स्क्रू काढून झाकण उघडलं. क्रिस्टलवर डिंकाचा गोळा थापलेला होता. ब्लेडने खरवडला तर खाली ३.५७९५४५ स्वच्छ छापलेलं. मित्राला फोन करून त्याचाही उघडायला लावला, तोच आकडा. रात्रभर एकमेकांशी का बोलत होते ते तेव्हा उलगडलं. दोघेही सारखेच खालच्या पट्टीत गात होते. याच कामाची एमएक्स६१४ नावाची दुसरी चिप ३.५८ वरच चालते, त्यामुळे आराखडे उतरवताना हा क्रिस्टल यात आला असेल, हे मी समजू शकतो. पण विकण्याआधी तिसऱ्या कुठल्याही यंत्राशी एकदा तरी बोलून बघायला नको?

क्रिस्टलचा फोटो, सुरांचे स्क्रीनशॉट, भागाकार, सगळं साहेबांना पाठवलं. उत्तर आलं, 'मोबाईलच्या माइकवर मोजमाप करत नसतात.' मी लिहिलं, मग क्रिस्टलवर छापलंय ते वाचा. त्यावर, 'इतक्या जणांनी नेलेत, तुमचीच तक्रार आहे.' पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर कुरियर आपल्या खर्चाने करा, बघू. माफी राहू दे, टेकडीवर माझ्या केबलबद्दल जे बोलले ते चूक होतं, एवढंही त्यांच्या तोंडून आलं नाही. नंतर त्यांच्याकडून घेतलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांशी बोलणं झालं. त्यांनी मोडेम कपाटात टाकून दिला होता. आपल्यालाच हे जमत नाही अशी त्यांची समजूत झाली होती. हे लिहायला बसलो ते त्यांच्यासाठी.

दुरुस्ती अगदी किरकोळ निघाली. आपल्याकडचे जुने रंगीत टीव्ही पाल पद्धतीचे, आणि पालच्या रंगाचा क्रिस्टल नेमका ४.४३ मेगाहर्ट्झचा असतो. दापोलीत टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे भंगार बोर्डांची चळत होती, त्यातून दोन काढून घेतले. बदलल्यावर अ‍ॅपवर सूर जागेवर आले आणि मोडेम परक्यांशी बोलायला लागला.

आता जे घेणार आहेत त्यांच्यासाठी.

मोडेमची परीक्षा त्याच्या भावंडाबरोबर घेऊ नका, स्वतःशी तर नाहीच. वळसा घालून स्वतःचंच स्वतःला ऐकवण्याची चाचणी विकणारे हौसेने दाखवतात. तिच्यातून एवढंच कळतं, की पेटीत वीज आहे. परका सिग्नल हवा. आसपास कोणी नसेल तर आकाशात आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर १४५.८२५ मेगाहर्ट्झला पॅकेटचा पुनर्प्रक्षेपक आहे. तो कधीकधी बंद ठेवलेला असतो, पण चालू असताना स्थानक डोक्यावरून गेलं तर साध्या अँटेनावरही पॅकेट ऐकू येतात. ती तुमच्या मोडेमने पडद्यावर उमटवली तर ऐकण्याची बाजू ठीक आहे. बोलण्याची बाजू डायरवुल्फवर तपासा, लॅपटॉप आणि कुठलाही रिसीव्हर पुरतो. तो आलेल्या आवाजाची पातळीही आकड्यात दाखवतो, साधारण ५० च्या आसपास असली म्हणजे झालं.

अनेक रेडिओंच्या मागे सहा पिनांचं गोल डेटा सॉकेट असतं. त्यात ४ क्रमांकाची पिन ९६०० बॉडची आणि ५ क्रमांकाची १२०० ची. १२०० साठी ४ वर तार जोडली तर काही पॅकेट येतात, काही येत नाहीत आणि माणूस महिनोन्महिने अँटेना हलवत बसतो. पाठवण्याच्या बाजूचा फरक आणखी मोठा आहे. १२०० ला रेडिओला ४० मिलिव्होल्ट पुरतात, ९६०० ला २ व्होल्ट लागतात. रेडिओच्या मेनूत वेग ९६०० वर राहिला आणि मोडेम १२०० चा असला तर तुमचा आवाज हवेत जवळपास जातच नाही. उलट झालं तर इतका फाटतो, की कुणालाच कळत नाही. मोठा म्हणजे चांगला, हा समज इथे सोडून द्या. डेव्हिएशन, म्हणजे आवाजामुळे वारंवारता जितकी हलते ते, ३ ते ३.५ किलोहर्ट्झच्या पुढे नेऊ नका.

टीसीएम३१०५ वाल्या साध्या मोडेमना खरखर आणि पॅकेट यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय, लावून ठेवावा लागतो. साउंडकार्डवाल्यांना याच्या उलट, स्क्वेल्च पूर्ण उघडा. लोक एकाची सवय दुसऱ्याला लावतात. हँडसेट वापरत असाल तर बॅटरी बचतीची सोय बंद करा, नाहीतर पॅकेट यायच्या वेळी रेडिओ झोपलेला असतो. आणि टीएक्सडिले, म्हणजे बटण दाबल्यापासून मजकूर सुटेपर्यंतची थांब, सुरुवातीला ३०० मिलिसेकंद ठेवा, नंतर कमी करत न्या.

जुना टीएनसी घेताना झाकण उघडून बघायला लाजू नका. आत एक लिथियम सेल असतो, तो मेला असेल तर दर वेळी वीज गेली की मोडेम तुमचा कॉलसाइनसुद्धा विसरतो. चांगला आहे पण कीबोर्डला उत्तरच देत नाही असा मिळाला तर लगेच भंगार ठरवू नका. आधीच्या मालकाने किस (KISS) पद्धतीत सोडला असेल, जिच्यात मोडेम टाइप केलेल्या आज्ञा ऐकत नाही. टर्मिनलवरून १९२, २५५, १९२ हे तीन बाइट एकापाठोपाठ पाठवा, बहुतेक वेळा शुद्धीवर येतो. संगणकाला जोडायची यूएसबी-सीरियल केबल स्वस्तातली घेऊ नका. आतली चिप बनावट असली तर संगणक एक दिवस अचानक तिला ओळखायचं थांबतो. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने बनावट चिपवाल्या केबली सरसकट निकामी केल्या होत्या. वापरणाऱ्यांचा त्यात काहीच दोष नव्हता.

व्यवहार लेखी करा. पैसे खात्यातूनच द्या. 'आपला माणूस' म्हणून पावती मागायला संकोचू नका, आपल्या माणसाला पावती द्यायला अडचण असायचं कारण नाही. आणि कुणी फोनवर तुमच्या सोल्डरिंगबद्दल बोलायला लागलं, तर त्याच्याशी वाद घालण्याआधी सूर मोजा. १२०० आणि २२०० दिसले तर केबल, पातळी, अँटेना हे सगळं जरूर तपासा. ९७० आणि १७७५ दिसले तर केबलला हातही लावू नका, झाकण उघडून क्रिस्टलचा फोटो काढा आणि टीव्हीवाल्याकडचा क्रिस्टल बसवण्याआधी आपले पैसे परत मागा, कारण एकदा तुम्ही स्वतः दुरुस्त केलात की विकणारा म्हणतो, बघा, चालतोय की.