चौसष्ट किलोबाइटची सीमा

तबकडीवरील माहिती संगणकाच्या स्मृतीत आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रोसेसर प्रत्येक बाइट स्वतः उचलून ठेवतो. दुसऱ्यात तो केवळ पत्ता व संख्या सांगतो आणि वाहतूक स्वतंत्र चिपवर सोपवितो. या दुसऱ्या पद्धतीस ‘डायरेक्ट मेमरी ॲक्सेस’ किंवा डीएमए म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम इंटेलची ८२३७ ही चिप करीत असे. अशा वाहतुकीसाठी राखलेल्या स्मृतीच्या भागास बफर म्हणतात.

८२३७ चा पत्ता १६ बिटांचा. त्यात ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ किलोबाइट, एवढाच प्रदेश मावतो. पीसीचा पत्ता मात्र २० बिटांचा होता. म्हणून वरचे ४ बिट ‘पेज रजिस्टर’मध्ये वेगळे लिहावे लागत. अडचण येथेच आहे. चिपची मोजणी ६५,५३५ च्या पुढे गेली की ती शून्यावर येते. पेज रजिस्टर मात्र आपोआप वाढत नाही.

एक उदाहरण पाहू. ४,०९६ बाइटांचा बफर १,२९,०२४ या पत्त्यापासून सुरू होतो असे समजू. १,३१,०७२ ही ६४ किलोबाइटची सीमा आहे. पहिले २,०४८ बाइट योग्य जागी पडतात. उरलेले २,०४८ मात्र पुढे न जाता ६५,५३६ पासून लिहिले जातात आणि तेथे जे काही असेल ते पुसले जाते. बायोसमार्फत तबकडी वाचल्यास निदान ९ क्रमांकाची त्रुटी कळत असे. चिपशी थेट व्यवहार करणाऱ्या प्रोग्रामला कोणीही सावध करीत नसे. शिवाय प्रोग्राम स्मृतीत कोठे बसेल हे प्रत्येक वेळी बदलत असल्याने तीच चूक आज दिसे, उद्या नाहीशी होई.

यावरील उपाय सोपा आहे. गरजेच्या दुप्पट, म्हणजे ८,१९२ बाइट मागावेत. एवढ्या भागातून एकाहून अधिक सीमा जाऊच शकत नाही. ती पहिल्या अर्ध्यात आली तर दुसरा अर्धा वापरावा, अन्यथा पहिला. मात्र ही तपासणी प्रत्यक्ष पत्त्यावर करावी. डॉसमध्ये तो सेगमेंटला १६ ने गुणून व त्यात ऑफसेट मिळवून निघतो.

पुढे ८०३८६ प्रोसेसरमुळे प्रोग्रामला दिसणारा पत्ता व प्रत्यक्ष पत्ता यांत भेद पडू शकला. चिपला मात्र प्रत्यक्ष पत्ताच कळतो. म्हणून बफर सलग असणे व जागचा न हलणे, या दोन अटींची भर पडली.

थोडी स्मृती वाया जाते, हे खरे; परंतु दुसऱ्याची माहिती नकळत पुसली जाण्यापेक्षा ते नुकसान क्षुल्लक आहे.