बेचाळीस दावे कशाला?

पुणे

चि. अक्षय,

तुझा पेटंटचा मसुदा दोनदा वाचला. घड उतरवल्यावर अर्धापुरात केळीचे बुंधे बांधावर कुजत पडतात, त्यांतून धागा काढणारं यंत्र तू उभं केलंस, याचा फार अभिमान वाटतो. म्हणूनच स्पष्ट लिहितो: बेचाळीस दाव्यांचा अर्ज करू नकोस.

एकट्या माणसाच्या ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये पडतात, त्यात दहा दावे बसतात. पुढच्या प्रत्येक दाव्याला ३२०. म्हणजे वरचे बत्तीस १०,२४० रुपये खाणार. पण खरी अडचण परीक्षकापुढे येते.

अडचण नुसत्या संख्येची नाही. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने २००७ साली पंचवीसहून जास्त दावे करणाऱ्यांवर जादा कागदपत्रांचं ओझं टाकणारा नियम आणला. कोर्टाने तो अडवला आणि २००९ मध्ये कार्यालयाने मागे घेतला. आपल्या कायद्यातही संख्येची मर्यादा नाही. मात्र कलम १०(५) प्रमाणे सगळे दावे एकाच शोधाचे, किंवा एका कल्पनेत गुंफलेल्या शोधांचे, आणि स्पष्ट, आटोपशीर हवेत. तुझ्या मसुद्यात यंत्र आहे, चोथ्याचं खत आहे, केळी लावायची पद्धतही आहे! शेतीच्या पद्धतीला कलम ३(एच) मुळे पेटंट मिळतच नाही. खतावर परीक्षक पहिल्याच अहवालात आक्षेप घेईल. उत्तराला सहा महिने. मग ते दावे गाळ, नाहीतर कलम १६ खाली वेगळा अर्ज कर, वेगळी फी भर. यंत्राची सुरी 'स्टीलची', 'कडक स्टीलची', 'धारदार स्टीलची' अशा तीन दाव्यांनीही तुझा हक्क इंचभर वाढत नाही.

परीक्षकाला वैरी समजू नकोस. पहिला दावा हातात धरून तो जुनी पेटंटं धुंडाळतो. तो दावा टिकला, तर त्याच्यावर टेकलेलेही नवे ठरतात. तेव्हा सगळी बुद्धी तिथे लाव. बुंध्याच्या जाडीप्रमाणे सुरी आणि रूळ यांतलं अंतर आपोआप बदलतं, हेच तुझं नवं आहे. ते अटी न वाढवता मांड. दावा पुढे आवळता येतो, कलम ५९ मुळे रुंदावता येत नाही. वर्णन मात्र हात न आखडता लिही. आक्षेप आला की त्यातलंच एखादं वैशिष्ट्य दाव्यात घेऊन बचाव करता येतो.

आठ-दहा दाव्यांचा मसुदा लवकर पाठव. अर्ज जाईपर्यंत यंत्र कुठल्याही कृषी प्रदर्शनात मांडू नकोस, मोबाइलवर व्हिडिओही टाकू नकोस. तोच उद्या तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा